नको असलेली गाणी : नभोवाणीवरील एका बंदीची हकिकत

‘हल्लीची गाणी ही काय गाणी झाली?’ हे वाक्य आपल्या घरांतून प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीला ऐकवलेले आहे. ज्यांचे कान बालगंधर्वांच्या पदांवर पोसले होते त्यांना भावगीत पुळचट वाटले. ज्यांनी भावगीतावर जीव लावला त्यांना हिंदी चित्रपटांतली उडत्या चालीची गाणी थिल्लर वाटली. आणि ज्यांचे तारुण्य त्या उडत्या चालींवर गेले, ते आज गणपतीच्या मांडवातला ध्वनिक्षेपक सुरू झाला की खिडक्या लावून घेतात. ह्यात नवल काही नाही. परंतु नावडत्या गाण्याविषयी ओसरीवर बसून कुरकुर करणे निराळे आणि ते गाणे साऱ्या देशाच्या कानांवर पडूच नये अशी व्यवस्था करणे निराळे. हा दुसरा प्रयोग स्वतंत्र भारतात एकदा खरोखरच करून पाहण्यात आला. तो करणारे मंत्री मराठी होते, हेतू बऱ्याच अंशी चांगला होता, आणि तरीही तो पाच वर्षांत गुंडाळावा लागला. त्याची हकिकत आज पुन्हा आठवण्याजोगी आहे; विशेषतः आपल्यासारख्या, दोन भाषांच्या वेशीवर राहणाऱ्या मंडळींनी.

आधीची दोन उदाहरणे

आज ज्याला आपण अभिजात म्हणून मान देतो त्यातले पुष्कळसे एके काळी लोकप्रिय, म्हणजे काहींच्या मते सवंग, होते. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. कीर्तनातल्या साक्या-दिंड्या, लावणीच्या चाली, कानडी मुलखातल्या चाली असे जे कानांना गोड लागले ते त्यांनी निःसंकोच घेतले. सीमेवरच्या माणसाला हे सुचावे हे साहजिकच होते, कारण त्याच्या कानांत दोन्ही बाजूंचे सूर लहानपणापासून असतात. पुढे १९११ साली ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंबे ह्यांनी चाली दिल्या आणि १९१६ साली ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखले ह्यांनी. रागदारीची बंदिश मराठी पदात बसली व घरोघर पोचली. तरीसुद्धा मैफलीतल्या कित्येक जाणकारांच्या लेखी ‘नाटकी गाणे’ हा शब्द कौतुकाचा नव्हता. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आले. त्यात केशवराव भोळे ह्यांनी लांबलचक आलापी काढून टाकून भावाला धरून राहणारी छोटी गीते दिली आणि गोव्याच्या ज्योत्स्नाबाई भोळे ह्यांनी ती गायली. आता नाक मुरडण्याची पाळी नाट्यसंगीताच्या चाहत्यांची होती. पन्नास वर्षांत जे नवे होते ते जुने झाले आणि जुने झाल्यावर आदरणीय ठरले.

दुसरे उदाहरण वाद्याचे, आणि ते तर बेळगावकरांच्या अगदी जिव्हाळ्याचे. पेटी, म्हणजे हार्मोनियम, ही परदेशातून आली आणि नाटक कंपन्यांच्या संगतीने मराठी मुलखात रुळली. तिच्यावरचा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या खोटा नव्हता. पेटीचा सूर धातूच्या पट्टीतून निघतो व प्रत्येक पट्टीची उंची ठरलेली असते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला काढता येत नाही. दरबारीतला आंदोलित गांधार तिच्यात सापडत नाही. दिल्लीच्या नभोवाणी केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचा विभाग सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्‌स ह्यांनी हेच मुद्दे मांडून पेटीवर टीका केली. रवींद्रनाथ ठाकुरांनाही पेटी नकोशी होती. अखेर मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर तिला मज्जाव झाला. पुढे १९७० साली दिल्लीत ह्या विषयावर चर्चासत्र भरले आणि त्यानंतर निर्बंध सैल करण्यात आले. म्हणजे तीस वर्षे नभोवाणीवर पेटी नव्हती.

पण ह्या तीस वर्षांत पेटी मेली का? बेळगावात विचारावे! कागवाडला जन्मलेले रामभाऊ विजापुरे (१९१७–२०१०) ह्यांनी १९३८ साली बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय काढले, पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी तयार केले आणि नामवंत गवयांना साथ केली. विठ्ठलराव कोरगावकरांच्या पेटीने ह्याच गावाचे नाव दूरवर नेले. गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर मुंबईत जाऊन मोठे झाले. सरकारी स्टुडिओच्या दाराबाहेर ठेवलेली पेटी मैफलीत, कीर्तनात, भजनी मंडळात आणि शिकवणीच्या खोलीत वाजतच राहिली. कारण मींड निघत नसली तरी गवयाला आधार देणे, घरात सहज ठेवता येणे आणि थोड्या दिवसांत सूर हाताला लागणे हे तिचे गुण लोकांना हवे होते. आक्षेप बरोबर असूनही बंदी लागू पडली नाही. पुढे जे घडले त्याची ही रंगीत तालीमच म्हणावयास हवी.

केसकरांचे दशक

१९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि १९६२ पर्यंत त्या जागी राहिले. त्यांच्या आधी हे खाते धारवाडचे रं. रा. दिवाकर ह्यांच्याकडे होते, हा योगायोगही आपल्या भागातल्या वाचकांनी नोंदवण्याजोगा आहे. केसकर पुण्यात जन्मलेले, पॅरिसमध्ये उच्च शिक्षण घेतलेले, काशी विद्यापीठात शिकवलेले आणि शास्त्रीय संगीताचे मनापासूनचे अभ्यासक. संस्थाने विलीन झाल्यामुळे गवयांचा राजाश्रय संपला होता. ग्वाल्हेर, बडोदा, इंदूर, कोल्हापूर, मिरज ह्या दरबारांनी जे सांभाळले ते आता कोण सांभाळणार, हा प्रश्न खरा होता. ते काम नभोवाणीने करावे असे केसकरांना वाटले आणि ह्या बाबतीत ते मुळीच चुकले नाहीत.

मात्र त्यासाठी जागा करायची म्हणजे कोणाला तरी उठवायचे. श्रोत्यांना सर्वांत प्रिय असलेली चित्रपटगीते उठवण्यात आली. केसकरांच्या मते ही गाणी पाश्चात्त्य धाटणीच्या वाद्यमेळाने बिघडलेली व शब्दांनी उथळ होती, आणि ती नव्या पिढीचे कान खराब करत होती. आधी त्यांचे प्रमाण एकूण वेळेच्या दहा टक्क्यांवर आणण्याचे ठरले आणि गाणी निवडून, तपासून घेण्याचे फर्मान निघाले. वर गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगायचे नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते, असा नियम झाला. निर्मात्यांचे म्हणणे, नाव सांगायचे नसेल तर आमची गाणीही नकोत. त्यांनी परवानगी काढून घेतली आणि थोड्याच महिन्यांत ऑल इंडिया रेडिओवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. कागदोपत्री पाहिले तर पूर्ण बंदीचा हुकूम कोणी काढलाच नव्हता. अटीच अशा घातल्या गेल्या की पाहुण्याने आपण होऊन उठून जावे.

ह्या गाण्यांतली कित्येक मराठी माणसांनीच केलेली होती. पुणतांब्याचे सी. रामचंद्र ह्यांच्या ‘अलबेला’तल्या (१९५१) विलायती ठेक्यांवर तेव्हा पोरे नाचत होती व वडीलधारी डोक्याला हात लावत होती. ह्याच सी. रामचंद्रांनी चाल दिलेले, कवी प्रदीप ह्यांनी लिहिलेले आणि इंदूरला जन्मलेल्या लताबाईंनी गायलेले ‘ऐ मेरे वतन के लोगो’ २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत पंडित नेहरूंसमोर सादर झाले व सारा देश गहिवरला. केसकरांना खाते सोडून तेव्हा एक वर्षही झाले नव्हते. चीनकडून झालेल्या पराभवाचे दुःख बोलून दाखवायला देशाला चित्रपटातल्या मंडळींचाच सूर उपयोगी पडला.

कोलंबोहून आलेला आवाज

बंदीचा पहिला लाभार्थी होता शेजारचा सिलोन. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया विभागासाठी उभारलेले शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपक युद्धानंतर तिथे हाती आले होते, आणि त्यांचा आवाज हिंदुस्थानभर स्वच्छ ऐकू येत असे. ३ डिसेंबर १९५२, बुधवार, ह्या दिवशी रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. एका टूथपेस्टच्या जाहिरातीचा हा कार्यक्रम. निवेदक होते विशीतले अमीन सयानी, जे २०२४ साली निवर्तले. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून तो आवाज लघुलहरींवर स्वार होऊन पुन्हा मुंबईत, बेळगावात, इंदुरात, हैदराबादेत परत यायचा. मुंबईचे गाणे मुंबईकराला ऐकायला समुद्रापार जाऊन यावे लागत होते! जाहिरातीचे पैसे परदेशी केंद्राला मिळत होते, आणि श्रोत्यांची पत्रे पोत्यांनी येत होती.

त्या काळी रेडिओ ठेवायला टपाल कचेरीतून वार्षिक परवाना घ्यावा लागे. म्हणजे श्रोता भारत सरकारला पैसे भरत होता आणि ऐकत होता सिलोन. बुधवारी रात्री आठ वाजता ज्या घरी रेडिओ असेल त्या घराच्या किंवा हॉटेलच्या दारात गर्दी जमायची. ‘हॉटेलात रेडिओ ऐकायला बसू नकोस’ ही ताकीद घरातून मिळायची आणि ती मोडली जायची. धारवाड केंद्र १९५० पासून सुरू होते, पुण्याचे १९५३ मध्ये निघाले. परंतु बुधवारी रात्री त्यांचे काटे पुष्कळ घरांत सरकवले जात.

अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारने ‘विविध भारती’ काढली. मुंबई व मद्रासच्या लघुलहरी प्रक्षेपकांवरून ती देशभर ऐकू येऊ लागली आणि तिच्यात चित्रपटगीतांना भरपूर जागा होती. मंत्री अजून केसकरच होते. पुढे १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही घेतल्या जाऊ लागल्या. सिलोनने जे करून दाखवले तेच पंधरा वर्षांनी आपल्या सरकारने केले.

रिकाम्या जागेत काय उगवले

एवढ्यावर ही हकिकत संपवली तर ती केसकरांची थट्टा होईल आणि त्यांच्यावर अन्यायही. चित्रपटगीते गेल्यावर वेळ रिकामा पडला. तो भरण्यासाठी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभे राहिले. कवींकडून गीते मागवायची, रागदारी जाणणाऱ्या संगीतकारांकडून चाली घ्यायच्या, आणि ती गीते ध्वनिमुद्रित करून वाजवायची. हिंदीत ह्या उपक्रमाला चित्रपटगीतांची जागा घेता आली नाही. मराठीत मात्र त्याला वेगळीच फळे आली.

१ एप्रिल १९५५, रामनवमीच्या दिवशी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. नभोवाणीवरचे सीताकांत लाड ह्यांच्या आग्रहातून निघालेली ही मालिका वर्षभर चालली. ५६ गीते झाली. घराघरांत रेडिओची पूजा करून लोक ती ऐकत. आता ह्या मालिकेचे कर्ते कोण होते? कवी ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके. दोघेही चित्रपटसृष्टीतले! चित्रपटगीताने कान बिघडतात असे म्हणणाऱ्या खात्याच्या केंद्राला आपले सर्वांत लाडके लेकरू चित्रपटवाल्यांकडूनच मिळाले. आठवड्याला नवे गीत, ठरलेला वेळ, थोडक्यात भाव उभा करणे, वाद्यमेळ बेताचा पण नेमका, ही सारी शिस्त त्या दोघांनी चित्रपटाच्या कामातून हाती बाणवली होती. पण हेही तितकेच खरे की, नभोवाणीने जागा, वेळ आणि विषय दिला नसता तर बाजाराने एका चरित्राची ५६ गीते त्यांच्याकडून कधीच मागितली नसती.

त्यानंतरच्या दशकात मुंबई केंद्राच्या आश्रयाने भावगीताचा दुसरा बहर आला. मंगेश पाडगावकरांचे शब्द, श्रीनिवास खळे ह्यांची चाल आणि इंदूरच्या अरुण दातेंचा आवाज ह्यांतून ‘शुक्रतारा’ जन्मले. ते ऐकून मोठी झालेली पिढी आज ‘आमच्या वेळची गाणी’ म्हणते तेव्हा तिच्या मनात असते ते गाणे बंदीच्या काळात पडलेल्या बियांचे आहे, हे विसरता येत नाही. केसकरांच्या काळात रेडिओ संगीत संमेलन सुरू झाले (१९५४), आणि त्याआधी १९५२ च्या जुलैत निघालेला संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम नेटाने चालवला गेला. त्यामुळे उत्तरेचा गवई दक्षिणेत आणि दक्षिणेचा विद्वान उत्तरेत ऐकू आला. बेळगाव-धारवाडच्या माणसाला ते दोन्ही नवे नव्हते. अब्दुल करीम खाँसाहेबांनी मिरजेत राहून त्यागराजांची कृती गायलेली होतीच. पण बाकीच्या देशाला ती ओळख नभोवाणीने करून दिली.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कलावंतांची चाचणी घेऊन त्यांना श्रेणी लावण्याची पद्धत ह्याच काळात पक्की झाली. डॉ. श्री. ना. रातंजनकर ह्यांच्यासारखा थोर विद्वान त्या मंडळावर होता, तरी परंपरेने शिकलेल्या गवयांना परीक्षेला बसवणे अपमानाचे वाटले व निषेध झाले. केसकरांच्या लेखनात तर मुसलमान राजवटी व मुसलमान उस्ताद ह्यांना हिंदुस्थानी संगीताच्या ऱ्हासाचा दोष दिलेला आढळतो. ज्या उस्तादांच्या घरांनी विद्या टिकवली, ज्यांच्यापाशी बसून भास्करबुवांसारखे आपले बुवा शिकले, त्यांच्याविषयीचा हा निवाडा इतिहासाला धरून नाही. ‘चांगले गाणे’ कोणते हे ठरवण्याचा अधिकार एकदा एकाच खुर्चीत आला, की त्या खुर्चीतले पूर्वग्रहही गाण्याच्या मापात मिसळतात. तिथे केसकर होते म्हणून असे झाले, एवढेच नव्हे. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर ह्यांनी शृंगाराचे शब्द काढून भक्तीचे घातले आणि संगीताला सभ्य घरांत आणले. त्यांचे उपकार मोठे आहेत, पण ज्या गायिकांनी ते शृंगाराचे शब्द आयुष्यभर जपले होते त्या मात्र ह्या नव्या सभ्यतेच्या बाहेरच राहिल्या.

सुळेभावीच्या गवयाचे उत्तर

केसकरांच्या मूळ आक्षेपाला सर्वांत समर्पक उत्तर राजकारण्याने किंवा चित्रपटवाल्याने दिलेले नाही. ते एका शास्त्रीय गवयाने दिले, आणि तो गवई आपल्याच मातीतला. बेळगावजवळच्या सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले आणि पुढे देवासला स्थायिक झालेले कुमार गंधर्व ह्यांनी लता मंगेशकरांवर एक लेख लिहिला आहे. आजारपणात अंथरुणावर असताना रेडिओवर हा आवाज प्रथम ऐकला आणि शेवटी नाव कळले तेव्हा दीनानाथांची आठवण झाली, असे ते सांगतात. पण त्या लेखाचे मोल आठवणीपेक्षा त्यातल्या विचारात आहे. चित्रपटसंगीताने लोकांचे कान बिघडवले हा आरोप त्यांना मान्य नाही. उलट सामान्य माणसाला सुराची समज आली, लहान मुलेही सुरात गुणगुणू लागली, असे त्यांचे म्हणणे. तीन मिनिटांच्या गाण्यात जर पूर्ण कलाकृती उभी राहत असेल तर तिची किंमत तीन तासांच्या मैफलीहून कमी का मानावी, हा त्यांचा प्रश्न. शास्त्रीय गायकांच्या आत्मसंतुष्टपणावरही त्यांनी बोट ठेवले आहे. माळव्याची लोकगीते गोळा करून त्यांतून रागांचे बीज शोधणाऱ्या माणसाचे हे मत आहे. त्याला कोणी सवंग म्हणू शकणार नाही.

ह्याचा अर्थ सगळी गाणी सारखीच, असा कुमारांनी काढला नव्हता व आपणही काढू नये. वाईट गाणे असते. शब्द जुळवलेले, चाल उसनी, आवाज नुसता मोठा, अशी गाणी दर वर्षी पोत्याने येतात आणि जातात. तशी ती १९५२ सालीही येत होती. आपल्या आठवणीत फक्त टिकलेली उरतात, म्हणून जुना काळ सोन्याचा दिसतो. न आवडलेल्या गाण्याला न आवडलेले म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. फक्त का आवडले नाही हे सांगता आले पाहिजे.

आणि इथे सीमाभागातल्या आपल्या घरांची खास अडचण येते. आपल्याकडे नावडत्या गाण्याची तक्रार बहुधा निव्वळ गाण्याची नसते. पोराने कानडी चित्रपटाचे गाणे मोठ्याने लावले की आजोबांच्या कपाळावर आठी पडते. ती चालीमुळे पडली की भाषेमुळे, हे त्यांचे त्यांनाही सांगता येईल असे नाही. बडोद्यात तीच आठी गुजराती गरब्याच्या नव्या गाण्यावर पडते, हैदराबादेत तेलुगू गाण्यावर. मराठी टिकावी ही आपली तळमळ खरी आहे आणि तिच्यामागे पिढ्यांचे दुःख आहे. पण त्या तळमळीचा भार एखाद्या चालीवर टाकला तर मुलगा चालही सोडत नाही आणि आपल्या तळमळीला मात्र आडमुठेपणा समजतो. केसकरांनी गाण्याच्या दारावर पहारा बसवला तेव्हा श्रोता सिलोनला गेला. घरात पहारा बसवला तर मुले कुठे जातील हे सांगायला ज्योतिषी नको. आता तर प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे सिलोन आहे.

त्यापेक्षा गीतरामायणाच्या वाटेने जावे. मराठी गाणे मुलांनी ऐकावे असे वाटत असेल तर त्यांना ऐकावेसे वाटेल असे मराठी गाणे आपल्या गावात घडले पाहिजे, आणि त्यासाठी जागा, वेळ व थोडा पैसा आपण दिला पाहिजे. व्याख्यानमालांना आपण वर्गणी देतो. गावातल्या पेटीवाल्या, तबलजी, गाणाऱ्या पोरापोरींसाठी वर्षातून चार संध्याकाळी तरी राखून ठेवाव्यात. गदगचे भीमसेन जोशी एकाच गळ्यातून विठ्ठलाचे मराठी अभंग आणि पुरंदरदासांची कानडी पदे गात असत, आणि दोन्हींकडचे श्रोते त्यांना आपले मानीत. अशा संध्याकाळी कार्यक्रमपत्रिकेत दोन्ही भाषांना जागा असावी, आणि शेवटची पंधरा मिनिटे मुलांना त्यांच्या आवडीचे, आपल्याला न आवडणारे, एक गाणे म्हणू द्यावे. साथीला पेटी असतेच. तिला आता कोणी हरकत घेत नाही.